बाबाचे कान

बाबा हसला, पण ते हसू मेघालीपर्यंत आलंच नाही. मधे लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनपाशी ते थांबलं आणि तिथंच संपलं. मेघाली गुडघ्यांवर उभी राहून, जेवण सोडून, सांगत होती की गणिताचे सर आज शिकवता शिकवता मागे सरकत गेले, सरकत गेले, आणि थेट कचऱ्याच्या डब्यात पाय घालून उभे राहिले. तिनं नुसतं सांगितलं नाही, सरांची चाल केली, डब्यात अडकलेला पाय झटकला, घसरलेला चष्मा मधल्या बोटानं वर ढकलला, आणि तसल्या अवस्थेतही सर "तर मुलांनो, एक्स बरोबर काय" असं म्हणाले ते त्यांच्याच किनऱ्या आवाजात म्हणून दाखवलं. एवढा मोठा खेळ! बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून खाली बघत होता. तिचं सगळं झाल्यावर, अक्षरं उमटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेल्यावर, तो खो-खो हसला. अगदी बरोबर जागी हसला. काही चुकलं नव्हतं. पण तिनं झटकलेला पाय त्यानं बघितला नव्हता, चष्मा बघितला नव्हता. तिचे दोन्ही हात हवेत उगाचच राहिले होते, दोरीवर वाळत घालून विसरलेल्या कपड्यांसारखे. "मंग? पुढं काय झाला?" बाबानं विचारलं. फोनला विचारलं. मेघालीनं हात खाली घेतले. "पुढे काही नाही," ती म्हणाली, आणि फोनवर तसंच उमटलं, काळ्यावर पांढरं, ठळक, *पुढे काही नाही*. बाबानं ते वाचून मान डोलावली आणि भाकरी कालवणात बुडवली.

दिवाळीच्या सुट्टीत तिनंच ते ॲप बाबाच्या फोनात घातलं होतं. समोरचा बोलेल ते ऐकून अक्षरांत लिहून दाखवणारं, ए.आय.वालं, आणि फुकट. त्या संध्याकाळी भिवंडीच्या नारपोलीतल्या त्यांच्या खोलीत केवढा उत्सव झाला होता! फोन मधे ठेवला, आई लाजत लाजत त्याच्यासमोर बसली आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाली, "मीठ जास्त झालाय का?" बाबानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाला, "न्हाय गो, बरोबर हाय." बस, एवढंच. पण आई पदर तोंडाला लावून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, कारण इतक्या वर्षांत तिनं मिठाबद्दल विचारायचं सोडूनच दिलं होतं. मीठ विचारायला बाबाच्या खांद्यावर टकटक करा, त्याला वळवा, तोंड मोठं करून सांगा, तो "काय?" म्हणेल, परत सांगा. मिठासाठी कोण करतंय एवढं? मग चाळीतली माणसं येऊन गेली, जो तो फोनसमोर काहीतरी बोलून बघत होता, कुणी गाणं म्हटलं, शेजारच्या आजोबांनी चक्क शिवी दिली आणि ती लिहून आल्यावर तेच दचकले. "बरा झाला बाय," आई म्हणाली, "माझा घसा वाचला." आणि मेघाली त्या सगळ्यांच्या मधोमध, नवरी असल्यासारखी बसली होती. नववीत आल्यापासून तिच्या अंगात काहीतरी शिरलंच होतं. आधी वर्गात हात वर करायचा तर ती बाकाखाली बघायची. आता ती स्टेजवर माईक हातात घेऊन बोलायची आणि स्वतःचा आवाज भिंतीवर आपटून परत आला की तिला तो आवडायचा. शाळेतल्या रीमा मॅडमनी सहावीच्या मुलांसाठी ए.आय.चा तास सुरू केला आणि म्हणाल्या, "लहान मुलांना मोठ्या माणसापेक्षा मोठी मुलगी जास्त पटते. तू घे." तेव्हापासून मधल्या सुट्टीत पोरंटोरं "ए.आय. ताई, ए.आय. ताई" करत मागे लागायची. उद्याचा तास सगळ्यात मोठा होता. उद्या बाबा शाळेत येणार होता. फोन घेऊन.

उद्या शुक्रवार म्हणून तर जमत होतं. भिवंडीत शुक्रवारी लूम, कापडाचे यंत्रमाग, बंद. बाकीचे सहा दिवस नारपोलीच्या भिंती थरथरत असतात, हंड्यातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठतात, बाळं त्या खटाखटीतच झोपतात आणि लाइट गेली की दचकून जागी होतात. शुक्रवारी सगळं एकदम गप्प. लहान असताना मेघालीला शुक्रवार मुळीच आवडायचा नाही, आणि का ते तिला सांगता यायचं नाही. मग केव्हातरी तिला कळलं. लूम चालू असल्या की सगळेच बहिरे असतात. त्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, कारीगर चार-चार लूमच्या पलीकडून एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात, आवाज न काढता, आणि त्या बोलण्यात बाबाचा हात धरणारा कुणी नव्हता. ती बालवाडीत असताना आई तिला डबा द्यायला घेऊन जायची. दारातून कापसाची बारीक धूळ उन्हात तरंगताना दिसायची, तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास यायचा, छाती आतून हलायची. आणि बाबा! पोटावरून गोल हात फिरवला, म्हणजे शेट आलाय. अंगठा ओठाला, म्हणजे चहा. दोन बोटांची चिमूट चोळली, म्हणजे सुताची तार तुटली, जोडायला ये. भुवया, गाल, मान, सगळं बोलायचं. पलीकडच्या लूमवरचा भूपेश पोट धरून हसायचा, आणि तेही हसणं मुकं, नुसते दात दिसायचे. तिथं प्रत्येकाला नावाची एक खूण होती. मेघालीची खूण बाबानं केलेली. डाव्या हाताची सैल मूठ, तिच्यात उजव्या हाताचं पहिलं बोट घालून फिरवायचं. कांडी. लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या पोटात बसवतात ती सुताची बोटभर नळी, ती फिरते आणि कापड होतं. "जलमलीस तवा येवढीच होतीस," बाबा सांगायचा. दारात ती दिसली की तिकडून बाबाचं बोट मुठीत फिरायचं आणि सगळ्या शेडला कळायचं, दौलतची पोरगी आली.

आणि शुक्रवारी तोच बाबा गल्लीत उभा राहिला की लहान व्हायचा. सगळ्यांना ऐकू यायचं, त्याला एकट्याला नाही. दुकानदार पाठमोरा बोलायचा, डॉक्टर तोंडाला मास्क लावून, बँकेतला माणूस कम्प्युटरकडे बघत. बाबा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहायचा, आणि मग खाली, मेघालीकडे. ती त्याच्या कमरेएवढी असल्यापासून तिचं ते काम होतं. समोरचा बोलला की ती बाबाकडे वळायची, मान वर करायची आणि आवाज न काढता ओठांनी सांगायची. त्याच्या डोळ्यांत तेव्हा तिचा सगळा चेहरा मावायचा. जगात कुणीच कुणाकडे इतकं बघत नसेल, असं तिला आज वाटलं. मैत्रिणींचे वडील त्यांच्याकडे बघायचे ते रस्ता ओलांडताना बघावं तसे. बाबा बघायचा तो एकही शब्द सांडू नये म्हणून. त्याचा आवाज नको तितका मोठा झाला की ती तळहात जमिनीकडे करून हळूच दाबायची, आणि बाबा लगेच खाली यायचा. कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

सहावीच्या वर्गात बाबा पांढरा शर्ट घालून आला, लग्नाला जातो तसा केसांना तेल लावून. मेघालीनं खडूनं फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. हा रीमा मॅडमचा खेळ होता. "यंत्राला काय काय येतं हे पाठ करू नका," मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, "ते दर सहा महिन्यांनी बदलेल आणि तुम्ही पाठच करत बसाल. आपण त्याला काय द्यायचं आणि काय आपल्याजवळ ठेवायचं, ते ठरवायला शिका. ते ठरवणारं माणूस तुम्ही असणार आहात." म्हणून फळ्यावर एका बाजूला 'देऊन टाकायची कामं' आणि दुसऱ्या बाजूला 'ठेवायची कामं'. पोरांनी नुसता दंगा केला. गृहपाठ, देऊन टाका! मॅडमनी डोळे वटारले. घरी कांड्या भरायला बसावं लागतं ते, देऊन टाका! केस विंचरून घेणं, ठेवा, कारण आई तेव्हाच गोष्ट सांगते. भांडण? "ठेवा ठेवा," सार्थक मागच्या बाकावर उभाच राहिला, "यंत्रं भांडली तर आम्ही काय नुसतं बघायचं?" मेघाली हसत होती, लिहीत होती, हात खडूनं पांढरे झाले होते, आणि तिला वाटत होतं की ही सगळी डोकी आपल्या हातात आहेत, आपण बोट फिरवलं की फिरतील. मग तिनं बाबाला पुढं बोलावलं. "हे माझे बाबा. लूमवर काम करून करून यांना ऐकू येत नाही." तिला वाटलं होतं पोरं गप्प होतील. कसली गप्प! "माझ्या पप्पांना पण!" "मेरे चाचा तो कुछ भी नहीं सुनते!" अर्ध्या वर्गाचे हात वर. बाबानं टेबलावर फोन ठेवला आणि पोरं एकेक बोलू लागली. काका, तुमचं नाव काय? दौलत. काका, तुम्हाला काय आवडतं? सुकटीची चटणी. काका, सार्थकनं आत्ता तुमच्या शर्टाला मुन्शिपाल्टीचा शर्ट म्हटलं ते आलं का लिहून? आलं होतं. बाबा मोठ्यानं हसला, फारच मोठ्यानं, आणि म्हणाला, "आमच्या लग्नातला हाय रे, घालशील काय?" आवाज सबंध वर्ग भरून बाहेर व्हरांड्यात गेला, दोन-तीन पोरी कानांवर हात ठेवून खिदळल्या. मेघालीनं तळहात जमिनीकडे केला. दाबला. बाबा फोनकडे बघत होता. तिनं पुन्हा दाबला. मग तो हात तिनं पाठीमागे नेला आणि तिथं दुसऱ्या हातात धरून ठेवला.

खरं तर सगळं छान चाललं होतं. बाबा रीमा मॅडमशी स्वतः बोलला. मॅडम म्हणाल्या, "तुमची मुलगी फार हुशार आहे हो," आणि हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मेघालीच्या ओठांवरून न जाता बाबापर्यंत पोचलं. आजवर दर पालकसभेत ती स्वतःचं कौतुक स्वतःच सांगायची, लाजून अर्धं गिळायची, आणि बाबा "पुरता सांग, पुरता सांग" करायचा. आता त्याला पुरतं मिळालं. तो फोनवरचं ते वाक्य आपल्या बोटानं वर-खाली करत बसला. "आता इकडे चला ना," मेघाली फळ्यापासून म्हणाली. बाबानं वाचलं आणि मान वर न करता, ज्या गोड परक्या आवाजात तो मघापासून पोरांना उत्तरं देत होता त्याच आवाजात म्हणाला, "येतो हां बाळा, येतो." बाळा. त्यानं तिला जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं. फोनमधे सगळ्यांचीच अक्षरं सारखी असतात, सार्थकची, मॅडमची, तिची. तो कुणाला उत्तर देतोय हे त्याला ठाऊकच नव्हतं. वर्ग हसला नाही, कुणाला काही कळलंच नाही. फक्त पहिल्या बाकावरची भाविका, जिचे वडीलही लूमवर होते, दोन वेण्या पुढं घेऊन त्यांची टोकं चावत बसली होती, तिनं हात वर केला. "ताई, हे फोनमधलं यायच्या आधी काकांना कोण सांगायचं?" "मी." "मग ते काम तू कुठल्या बाजूला लिहिणार?" प्रश्न साधाच होता. खेळच तो होता. मेघालीनं क्षणभरही थांबून बघितलं नाही, तिच्या अंगात टाळ्या होत्या, वर्ग होता, स्वतःचा आवाज होता. ती वळली आणि डावीकडे, गृहपाठ आणि कांड्या यांच्या खाली, मोठ्या झोकदार अक्षरांत तिनं लिहिलं, 'बाबाचे कान होणं'. खाली नागमोडी रेघही ओढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबानं फोन पालथा ठेवला. त्या दिवसात पहिल्यांदाच. तो सातवीपर्यंत शिकला होता, वाचताना त्याचे ओठ हलत. त्याचे ओठ हललेले मेघालीनं बघितले. वरची दोन शीर्षकं, मग खाली, मग तिनं लिहिलेलं. तो जरा वेळ त्या नागमोडी रेघेकडे बघत राहिला. आणि मग सगळ्यांच्या टाळ्या संपत आल्या असताना त्यानंही टाळ्या वाजवल्या.

घरी येताना रस्ता मोकळा होता, शटरं खाली, नळातून पडणारं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. मानकोलीच्या गोडाऊनकडे जाणारे कंटेनर तेवढे नाक्यावर गुरगुरत होते. मेघाली बाबाच्या थोडी मागे चालत होती. मी काही चूक लिहिलं का? चूक कसली. खरंच आहे ते. फोन तिच्यापेक्षा चांगलं सांगतो, सगळं सांगतो, अर्धं गिळत नाही, शाळेत जात नाही, झोपत नाही. बाबाला आता कुणाचा आधार लागत नाही. हेच तर हवं होतं. मग पुढं चालणाऱ्या त्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीकडे बघताना असं का होत होतं, की आपण कुठल्या तरी दुकानात काहीतरी विसरून आलोय आणि ते काय होतं तेच आठवत नाहीये? तिनं पळत जाऊन त्याची बाही ओढली. "बाबा, तुला राग आला का?" बाबानं सवयीनं खिशातून फोन काढला. स्क्रीन काळी. शाळेतल्या गडबडीत बॅटरी संपली होती. तेव्हा मेघालीला आनंद झाला, इतका खोल आणि इतका वाईट आनंद, की तिचे कान गरम झाले. आता तो वर बघेल. बघायलाच लागेल. ती त्याच्यासमोर आली, तोंड वर केलं, ओठ ओले केले. बाबानं फोनचं बटण दोन-तीनदा दाबून बघितलं, मग तो खिशात टाकला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून, तिच्या केसांच्या भांगाकडे कुठंतरी बघत, अगदी मायेनं म्हणाला, "राहू दे आता. घरी गेल्यावर चार्जिंगला लावू, मंग बोलू. तुला तरास नको." आणि चालू लागला.

शनिवारी अर्धी शाळा. सुटल्यावर ती घरी आली, आईच्या हातातला डबा घेतला आणि म्हणाली, "मी नेते." "तू?" आई बघतच राहिली, "तुला तर वास येतो ना तिकडं?" खरं होतं. सातवीपासून मेघाली लूमवर गेली नव्हती. केसांत कापूस अडकतो, युनिफॉर्मला तेल लागतं, मैत्रिणी विचारतात. गल्ली तीच होती. दारापाशी आल्यावर आधी पाय थरथरले, मग छाती, मग डोक्यातले सगळे शब्द एकदम झडून गेले, आणि तिला किती वर्षांनी आत बरं वाटलं. उन्हाच्या पट्ट्यात तीच धूळ. भूपेशनं तिला बघितलं, दात दाखवले, आणि बाबाच्या दिशेनं मुठीत बोट फिरवलं. बाबा वळला. आणि बघितलं. पुरतं बघितलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं तो पूर्वी बघायचा, कारण इथं त्या आवाजात खिशातल्या फोनला काही म्हणता काही कळत नव्हतं आणि इथं बोलायचं तर बघण्यावाचून मार्ग नव्हता. "तू?" बाबाचे ओठ म्हणाले. "शाला?" "सुटली. डबा." तिनं आवाज न काढता म्हटलं. ओठ विसरले नव्हते. मग ती लूमच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "तू माझ्याकडे बघत नाहीस." "बगतोय की." "आत्ता नाही. घरी. घरी तू फोनकडे बघतोस. मी एवढं करून दाखवते." बाबानं मान तिरकी केली. लूमवरचा हात काढला नाही. मग म्हणाला, "फोन बरा हाय." "का?"

या बोलण्यात खोटं सांगता येत नाही. म्हणजे ओठांनी येतं, पण चेहरा लगेच चहाडी करतो. बाबाला ते ठाऊक होतं. मग त्यानं सांगितलं नाही. करून दाखवलं. आधी बाबा स्वतः झाला, मान पुढं, भुवया वर, "काय?" मग झटकन बाजूला सरकला आणि मेघाली झाला. डोळे छताकडे फिरवले. गालांतून हवा सोडली. खांदा उडवला, आणि माशी हाकलावी तसा मनगटातून हात झटकला. "जाऊ दे, बाबा. काही नाही." हुबेहूब. ती सरांची करायची त्याहून हुबेहूब. आपल्या अंगातली नक्कल कुठून आली ते तिला तेव्हा कळलं, आणि त्या पुरुषाच्या दाढीच्या खुंटांखालून तिचाच चेहरा तिच्याकडे कंटाळून बघत होता. असं मी करते? केव्हा? केव्हा म्हणजे, आत्याच्या मुलीच्या हळदीला सगळा मांडव हसत होता आणि बाबा बाहीला धरून विचारत होता, काय झाला गो, तेव्हा. परीक्षेच्या आधी. टीव्ही चालू असताना. मैत्रिणीचा फोन ठेवल्यावर. दिवाळीत, ते फोनात घालण्याच्या आदल्याच दिवशी, तो एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारत होता तेव्हा, आणि तिच्या मनात आलं होतं, या सगळ्यातून आता मी सुटले पाहिजे. तिला वाटायचं जाऊ दे म्हटलं की ते जातं. ते कुठं जात नव्हतं. ते बाबाच्या अंगावर बसत होतं, केसांतल्या कापसासारखं, आणि तो घरी येऊन अंग धुवायचा आणि काही बोलायचा नाही. बाबा हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कितीदा पण इचारला," त्याचे ओठ म्हणाले, सावकाश, तिला नीट वाचता यावं म्हणून मोठे करून, "फोन 'जाऊ दे' बोलत न्हाय." आणि मग, तिची पाठ थोपटावी तसं हवेतच थोपटून, "काल फळ्यावर बरोबर लिवलंस तू. पोरी मोठ्या व्हतात. बापाचं कान घेऊन कुठवर फिरशील?"

बाजूच्या लूमवर तार तुटली. बाबा वळला, लूम थांबवली, दोन बोटांत थुंकीनं तारेचं टोक ओलं केलं, जोडलं, आणि लूम पुन्हा चालू केली. तेवढ्या वेळात तिनं त्याच्या पाठीला सांगून टाकलं. सगळं. मोठ्यानं, ओरडून, इथं ओरडलं तरी कुणाला ऐकू जात नाही. ते मी पुसते. सोमवारी गेल्या गेल्या फळ्यावरून पुसते. ते काम माझं आहे, मी ते देऊन टाकायच्या बाजूला कसं लिहिलं मला नाही माहीत, तू मला शंभरदा विचार. बाबा वळला तेव्हा तिचे ओठ अजून हलत होते. "काय?" त्यानं विचारलं. मान पुढं, भुवया वर. ती पुन्हा सांगू लागली, सावकाश, मोठे ओठ करून, त्यानंच शिकवलं होतं तसं. पण खालचा ओठ तिच्या ताब्यात राहीना. तो थरथरत होता, वाकडा होत होता, 'पुसते'मधला प तिला मिटता येईना, 'माझं'चा आकार उघडतानाच फाटला. रडणारे ओठ वाचता येत नाहीत. बाबानं डोळे बारीक केले. एक पाऊल पुढं आला. "काय बोलतीस? काय झाला?" ती तिसऱ्यांदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली. तो तिच्या तोंडाकडे जिवाच्या आकांतानं बघत होता आणि त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं; ती रडतेय एवढं कळत होतं, आणि त्याहून पुढचं, जे खरं सांगायचं होतं, ते तिच्या हनुवटीवरून पाण्यासारखं ओघळून चाललं होतं. शेवटी त्यानं घाईनं हात पँटला पुसले, खिशातून फोन काढला, तो चालू केला आणि तिच्या तोंडाजवळ धरला.

स्क्रीनवर तो छोटा गोल आला, आवाज ऐकला की फुगणारा. लूमच्या खटाखटीनं तो फुगत गेला, फुगत गेला आणि स्क्रीनच्या कडांना जाऊन लागला. अक्षर एकही आलं नाही. मेघालीनं डबा खाली ठेवला. डाव्या हाताची सैल मूठ केली, तिच्यात उजव्या हाताचं बोट घातलं आणि फिरवलं. पुन्हा फिरवलं. बाबा फोन दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि आलेलं अक्षर निसटून जाऊ नये म्हणून पापणीसुद्धा न लववता त्या गोलाकडे बघत होता.